छावणीतील मुलांचा वसंत

फाल्गुन सरत आला की विदर्भातील रानांत पळस फुलतो, सावरीच्या निष्पर्ण फांद्या लाल फुलांनी भरतात आणि चैत्रातल्या पहाटे मोहाच्या झाडांखाली फुलांचा सडा पडू लागतो. संस्कृत कवींनी या ऋतूस ऋतुराज ही पदवी बहाल केली. नागपुरात मात्र या राजाचे राज्य औट घटकेचे असते. होळीची राख निवते न निवते तोच ऊन चढू लागते आणि गुढीवरील कडुनिंबाची डहाळी वाळण्यापूर्वीच दुपारचे रस्ते ओस पडतात. या अल्पायुषी वसंताचा आनंद लुटावा असे वय शाळकरी मुलांचे. पण नेमक्या याच दिवसांत ती परीक्षेच्या दावणीला बांधलेली असतात. शहरातील बहुतेक मुलांचे हे दुःख शेवटच्या पेपराबरोबर संपते. शहराच्या दोन टोकांना, कामठीच्या छावणीत आणि वायुसेनानगरात, राहणाऱ्या सैनिकांच्या मुलांचे तसे होत नाही. त्यांच्यापैकी अनेकांसाठी वसंत हा निरोपाचा ऋतू असतो. या मुलांच्या या दिवसांचे काय करावयाचे, हा प्रश्न नागपूरकरांनी आजवर आपला मानलेला नाही. तो आपला मानण्याची वेळ आली आहे.

नागपूर आणि सेना यांचे नाते दोनशे वर्षांहून जुने आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि त्यानंतर चारच वर्षांत, १८२१ साली, कन्हानच्या काठी इंग्रजांनी कामठीची छावणी वसविली. आज त्या छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पलटणीचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९४९ साली उभारलेल्या या पलटणीचे वैशिष्ट्य असे की, एका जातीची वा एका प्रांताची भरती करण्याची जुनी प्रथा बाजूस सारून तिने साऱ्या देशातील तरुण एका झेंड्याखाली आणले. पश्चिमेस वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. सीताबर्डीचा किल्लाही सेनेच्याच ताब्यात असून प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन आणि स्वातंत्र्यदिन अशा मोजक्या दिवशी तो लोकांसाठी खुला होतो. त्या दिवशी नागपूरकर हौसेने किल्ला चढतात, तोफा पाहतात, मुलांना दाखवितात. परंतु छावणीच्या फाटकाआड आपल्याच मुलांच्या वयाची शेकडो मुले राहतात, ती दोन-तीन वर्षांसाठी येतात आणि या गावाची ओळख होण्यापूर्वीच जातात, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

तीन ओझी

या मुलांवर वसंतात तीन ओझी एकाच वेळी येऊन पडतात. पहिले परीक्षेचे, ते सर्वांवरच असते. दुसरे बदलीचे. शांततेच्या ठाण्यावरील सैनिकाचा मुक्काम साधारणपणे दोन-तीन वर्षांचा असतो आणि शालेय वर्ष मध्येच तुटू नये म्हणून बदल्या शक्यतो वर्षअखेरीस धरल्या जातात. हेतू चांगला आहे. पण त्याचा परिणाम असा की परीक्षा संपण्याचा आनंद आणि घर आवरण्याची घाई एकाच आठवड्यात येते. काळ्या पत्र्याच्या पेट्यांवर नाव आणि नवे ठाणे रंगविले जाते, सायकल गोणपाटात बांधली जाते, पाळलेला पोपट शेजाऱ्यांना दिला जातो. ज्या मित्राशी वर्षभर भांडण आणि मैत्री केली, त्याचा पत्ता वहीच्या मागील पानावर उतरवून घेतला जातो. मोठ्यांच्या लेखी ही साधी बदली असते. दहा वर्षांच्या मुलाच्या लेखी ते एका जगाचे विसर्जन असते.

शिक्षणखात्याने या प्रश्नाचा विचार केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या वेतन आयोगाने बदलीच्या नोकरांच्या मुलांसाठी समान अभ्यासक्रमाच्या शाळा सुचविल्या आणि त्यातूनच १९६३ साली पलटणींच्या २० शाळा ताब्यात घेऊन केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. १९८३ साली सैन्याने शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली; तिच्या आर्मी पब्लिक स्कूलांची संख्या आज शंभराहून अधिक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने तर शाळा बदलण्याचा हक्क मान्य केला आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही असे स्पष्ट केले. म्हणजे मुलाच्या पाठ्यपुस्तकाची सोय झाली, बाकाची सोय झाली, दाखल्याचीही झाली. पाठ्यपुस्तक देशभर एकच असू शकते. गाव तसे असत नाही. ज्या मातीत खेळावयाचे ती माती, ज्या झाडावर चढावयाचे ते झाड आणि ज्या भाषेत भांडावयाचे ती भाषा प्रत्येक ठाण्यावर निराळी असते. तिची ओळख करून देणारी सोय कोणत्याही कायद्यात नाही.

तिसरे ओझे सर्वांत जड आणि सर्वांत कमी बोलले जाणारे. वसंत आला की हिमालयातील बर्फ वितळते, झोजिलासारख्या खिंडी वाहतुकीस मोकळ्या होतात आणि सीमेवरील हालचालींना गती येते. कारगिलमधील घुसखोरी १९९९ च्या मे महिन्यात उघडकीस आली. लडाखमधील चीनबरोबरचा तणाव २०२० च्या मे महिन्यात सुरू झाला आणि जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात त्याने वीस भारतीय सैनिकांचा बळी घेतला. २०२५ च्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले, तेव्हा ७ ते १० मे या चार दिवसांत सारा देश दूरचित्रवाणीसमोर खिळून होता. देशाला त्या पडद्यावर विमाने आणि नकाशे दिसत होते. छावणीतल्या मुलाला त्या नकाशावर एकच ठिकाण शोधावयाचे होते. ज्या महिन्यांत इतर मुलांचे वडील रजा काढून त्यांना आजोळी नेतात, त्याच महिन्यांत या मुलाच्या वडिलांची रजा सर्वांत अनिश्चित असते. शहरी मुलाचा वसंत आणि सैनिकाच्या मुलाचा वसंत यांतील हा फरक मूलभूत आहे.

पाळणाघरानंतर काय?

वडील सीमेवर असताना अनेक कुटुंबे मागेच, वेगळ्या राहणाऱ्या कुटुंबांसाठी राखलेल्या निवासस्थानांत राहतात. घरात आई एकटी असते. सासर-माहेर दोन्ही हजार मैलांवर. ती शिक्षिका असेल, परिचारिका असेल, बँकेत असेल किंवा घरीच असेल. बाजार, दवाखाना, बँक, रेशन आणि फोनची वाट पाहणे हे सारे तिच्यावरच असते. शाळा चालू असते तोवर दिवसाचे काही तास मुलाची काळजी शाळा वाहते. परीक्षा संपली की ते छत्र जाते आणि लांब, तापलेली दुपार उरते.

अशा मुलासाठी आपल्या भाषेत शब्द नाही, ही गोष्ट बोलकी आहे. तान्ह्या मुलासाठी पाळणाघर आहे, तीन वर्षांच्या मुलासाठी अंगणवाडी आणि बालवाडी आहे. मात्र आठ-दहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या वेळेपलीकडे सांभाळणाऱ्या जागेला काय म्हणावयाचे? शब्द नाही, कारण वस्तूच नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. केंद्राची ‘पालना’ योजनाही आहे. पण ती योजना सहा महिने ते सहा वर्षे या वयासाठी. सहावा वाढदिवस झाला की मूल स्वतःला सांभाळू लागते, असे जणू शासनाने गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती उलट आहे. सहा वर्षांच्या आतले मूल आईच्या कुशीत विसावते. सहा ते बारा या वयात मुलाला सोबती हवे असतात, काम हवे असते, आईखेरीज आणखी एखादे विश्वासाचे मोठे माणूस हवे असते. ते मिळाले नाही तर आज हातातला मोबाईल त्याची जागा घेतो. ही अडचण केवळ सैनिकांच्या घरांत नाही. नागपुरातील ज्या कारकुनाच्या घरी दोघेही नोकरीस जातात, त्याच्या घरातही मे महिन्याची दुपार अशीच असते. परंतु त्याच्या मुलाला निदान शेजारची काकू, गल्लीतले मित्र आणि इतवारीतले आजोबा असतात. छावणीतल्या मुलाचे शेजारीही त्याच्यासारखेच बदलीच्या प्रतीक्षेत असतात.

सेनादले या बाबतीत स्वस्थ बसलेली नाहीत. सैनिककुटुंबांच्या कल्याणासाठी १९६६ पासून ‘आवा’ ही संस्था काम करीत आहे. वायुसेनेतही १९७० पासून तशीच संस्था आहे. छावण्यांमधून पोहणे, घोडेस्वारी, चित्रकला अशी उन्हाळी शिबिरे भरतात. हे स्तुत्यच आहे. परंतु दोन उणिवा राहतात. एक म्हणजे ही शिबिरे उन्हाळ्याच्या सुटीत आणि थोड्या दिवसांची असतात. परीक्षा, निरोप आणि अनिश्चितता यांनी भरलेला त्यापूर्वीचा काळ मोकळाच राहतो. दुसरी म्हणजे ती फाटकाच्या आत सुरू होतात आणि आतच संपतात. मुलाला पोहावयास येते, पण कन्हान कोठून आली आणि कोठे जाते हे ठाऊक होत नाही. ही दुसरी उणीव सेना एकट्याने भरून काढू शकणार नाही. ते काम शहराचे आहे.

परदेशाचा अनुभव, घरचे धन

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार बराच आधी झाला. तेथील संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांनी १९८६ साली एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना म्हणून जाहीर केला. १९८९ साली सैनिकांच्या मुलांच्या संगोपनाचा स्वतंत्र कायदा झाला आणि लष्करी तळांवर सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी शाळेपूर्वी, शाळेनंतर आणि सुट्यांत चालणारी केंद्रे रुजली. २००८ पासून राज्याराज्यांत असा करारही झाला आहे की, बदलून आलेल्या सैनिकाच्या मुलाची केवळ नियमांच्या भिन्नतेमुळे अडवणूक होऊ नये. तो करार आज पन्नासही राज्यांनी स्वीकारला आहे. तेथे वाऱ्यावर उडून पडेल तेथे रुजणाऱ्या डँडेलियन या रानफुलाला या मुलांचे प्रतीक मानतात. प्रतीक सुंदर आहे, पण त्यात एक फसवणूकही दडलेली आहे. बी कोठेही रुजते हे खरे. पण ते भुसभुशीत जमिनीत रुजते, फरशीवर नव्हे. मूल कोठेही मिसळते, असे म्हणून मोठ्यांनी आपली जबाबदारी झटकावी, हे बरे नव्हे.

अमेरिकेची नक्कल करण्याचे कारण नाही. तिच्याजवळचा पैसा आपल्याजवळ नाही आणि आपल्याजवळची काही पुंजी तिच्याजवळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात कुरणशाळा नावाचा एक प्रयोग होता. आदिवासी मुले गुरे राखण्यामुळे शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा शाळाच कुरणात गेली. मूल जेथे आहे आणि ज्या परिस्थितीत आहे तेथून शिक्षणाने आरंभ करावयाचा, हे त्या प्रयोगाचे सार. सैनिकाचे मूल आदिवासी मुलाइतके वंचित नाही, हे उघड आहे. त्याला शाळा आहे, दवाखाना आहे, खेळाचे मैदान आहे. परंतु त्याच्या जीवनाची लय इतरांपेक्षा निराळी आहे आणि त्या लयीनुसार त्याच्यासाठी सोय झाली पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

दुसरी पुंजी आंतरभारतीची. निरनिराळ्या प्रांतांतील मुलांनी परस्परांच्या भाषा, गाणी आणि चालीरीती आपुलकीने शिकाव्यात, हे साने गुरुजींचे स्वप्न होते. त्यासाठी नवी वास्तू बांधण्याची आवश्यकताच नाही. कामठीच्या छावणीत तामीळ, आसामी, डोगरी, गढवाली, मल्याळी आणि मराठी घरे एकाच रांगेत आहेत. तेथील मुले मैदानावर हिंदी बोलतात, शाळेत इंग्रजी लिहितात आणि घरी आजीशी फोनवर तिसऱ्याच भाषेत बोलतात. आंतरभारती कन्हानच्या काठी तयार आहे. फक्त तिला मराठीचा आणि नागपूरचा स्पर्श झालेला नाही. मराठी सर्व शाळांतून सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. कायद्याने पुस्तक हाती येते. भाषा मात्र विटीदांडूत हरताना, भेळ मागताना आणि नव्या मित्रावर रुसताना येते.

दिवस कसा असावा

मग करावयाचे काय? मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, सहा आठवड्यांचे वासंतिक वर्ग सुरू करावेत. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. थोरांसाठी वसंतात ज्ञानाची सोय करणारा महाराष्ट्र लहानांसाठी एवढे सहज करू शकेल. शाळा चालू असेतो हे वर्ग शाळेनंतरच्या वेळेत असावेत आणि शाळा सुटल्यावर सकाळी साडेसहा ते दहा. दुपारी छायेतली खोली, पुस्तके, पाण्याचा माठ आणि थोडी झोप. सायंकाळी ऊन उतरल्यावर मैदान. छावणीतील मुलांबरोबर कामठी गावातील विणकरांची, विडी कामगारांची आणि शिक्षकांची मुलेही त्यांत असावीत. त्यांच्यावाचून हा वर्ग म्हणजे पुन्हा एक फाटक होईल.

शिकवावयाचे ते या ऋतूने आणि या गावाने. पळसाची फुले पाण्यात भिजवून होळीचा केशरी रंग करता येतो. एकदा हाताने केलेला रंग मूल जन्मभर विसरत नाही. मार्चमध्ये मृग बहाराची संत्री उतरत असतात. एखाद्या बागेत नेऊन फळ देठापासून कसे काढतात, वर्षातून दोन बहार कसे घेतात, हे शेतकऱ्याच्या तोंडून ऐकवावे. अंबाझरीच्या काठावर पक्षी मोजावेत. अजब बंगला या नावाने ओळखले जाणारे १८६३ चे संग्रहालय आहे, रामन विज्ञान केंद्र आहे, महाराजबाग आहे. चौदा एप्रिलच्या सुमारास दीक्षाभूमीवर नेऊन १९५६ च्या ऑक्टोबरात तेथे काय घडले, हे साध्या शब्दांत सांगावे. रामटेकची टेकडी कामठीहून दूर नाही. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय मिराशींनी प्रतिपादिले. आज्ञेने घरापासून दूर पाठविलेला आणि निरोप पोहोचविण्यासाठी आसुसलेला यक्ष कोण, हे इतर मुलांना समजावून सांगावे लागेल. सैनिकाच्या मुलाला ते सांगावे लागणार नाही.

झिरो माईलचा स्तंभ तर या मुलांसाठीच उभारला असावा, असे वाटते. त्या स्तंभावर आसपासच्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. प्रत्येक मुलाने तेथे बसून आपला नकाशा काढावा: आपण कोठे जन्मलो, कोणकोणत्या ठाण्यांवर राहिलो, आजोबांचे गाव किती दूर, वडील कोणत्या दिशेला. वडिलांचे नेमके ठिकाण लिहू नये हे त्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. दिशा पुरेशी असते. ज्याच्या आयुष्यात सतत अंतरेच आहेत, त्याने ती एकदा स्वतःच्या हाताने मोजली की त्यांची भीती थोडी कमी होते. आणि जे मूल यंदा जाणार आहे त्याच्यासाठी निरोपाचा रीतसर दिवस असावा. पेट्या बांधण्याच्या गडबडीत मुलाचा निरोप राहून जातो. मित्रांनी लिहिलेली वही, वाळवलेले पळसाचे फूल आणि एखादे मराठी पुस्तक एवढी शिदोरी त्याच्या पेटीत घातली, तर नागपूर हे त्याच्या यादीतील केवळ एक ठाणे राहणार नाही.

या वर्गांनी काय करू नये हेही सांगितले पाहिजे. ते कवायतीचे वर्ग होऊ नयेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली आणि पुढे राज्यात ठिकठिकाणी सैनिकी शाळा झाल्या. त्यांचे प्रयोजन वेगळे आहे. मुलांना सैनिक बनविणे ही एक गोष्ट आणि सैनिकांची मुले सांभाळणे ही दुसरी. बापाने गणवेश घातला म्हणून लेकराने खेळतानाही सावधान उभे राहावे, ही अपेक्षा क्रूर आहे. तसेच ते शिकवणीचे वर्ग होऊ नयेत, बक्षीससमारंभाचे निमित्त होऊ नयेत आणि अधिकाऱ्यांच्या मुलांची मक्तेदारी तर मुळीच होऊ नयेत. साहेबाच्या मुलाला क्लब आहे. जवानाच्या मुलाला या वर्गाची अधिक गरज आहे. शूर वडिलांचे शूर मूल म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारणारे पुष्कळ भेटतात. भीती वाटते असे म्हणण्याची मुभा देणारे थोडे भेटतात. या वर्गात ती मुभा असावी.

आक्षेपांचा विचार

यावर आक्षेप येतील. पहिला उन्हाचा. नागपुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि लहान मुलांना बाहेर नेणे धोक्याचे ठरू शकते, हे खरेच. पण म्हणूनच हा वर्ग सकाळचा आणि वसंताचा असावा, मे महिन्याचा नव्हे. अहमदाबादने २०१३ साली उष्माघात टाळण्यासाठी शहराचा आराखडा केला आणि नंतर इतर शहरांनी तो मार्ग धरला. दुपारी छाया, पाणी आणि विश्रांती हे त्या साऱ्या आराखड्यांचे साधे सूत्र वर्गातही पाळता येते. उलट, देखरेखीवाचून उन्हात भटकणारे मूल अधिक धोक्यात असते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. छावणीत बाहेरच्यांना मुक्त प्रवेश देता येणार नाही आणि तसा आग्रह कोणी धरूही नये. परंतु मुलांना बाहेर आणण्यास काय हरकत आहे? गावातील एखाद्या शाळेची इमारत, नगरपरिषदेचे सभागृह, महाविद्यालयाचे पटांगण ही भेटीची ठिकाणे होऊ शकतात. तिसरा आक्षेप खर्चाचा. या कामास मोठी इमारत लागत नाही. सुटीत रिकाम्या पडलेल्या शाळा आहेत. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातून दहा दिवस दप्तराविना असावेत असे सुचविले आहे. त्यांतील काही दिवस या ऋतूस दिले तर शाळांवर वेगळा भार पडणार नाही.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोन वर्षांत निघून जाणाऱ्या मुलांसाठी शहराने एवढी धडपड का करावी? त्याचे उत्तर असे की, ती जातात म्हणूनच करावी. नागपुरात जन्मलेल्या मुलाला नागपूर आपोआप मिळते. पाहुण्याला ते द्यावे लागते. आणि हा व्यवहार एकतर्फीही नाही. ज्या कामठीच्या मुलाने नागालँड पाहिले नाही, त्याला तेथून आलेला मित्र मिळणे, हे भूगोलाच्या पुस्तकाहून मोलाचे आहे.

काम कोणाचे?

शासनाचा आदेश निघण्याची वाट पाहिली तर मुले मोठी होऊन जातील. आरंभ शिक्षकांनी करावा. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक छात्रसेनेचे अधिकारी होण्यासाठी देशभरातून कामठीच्या प्रशिक्षण प्रबोधिनीत येतात. म्हणजे शिक्षकाला छावणीचे फाटक अनोळखी नाही. छावणीकडून शिस्त शिकणाऱ्या शिक्षकवर्गाने छावणीतल्या मुलांना गाव दाखवून त्याची उतराई व्हावे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. परीक्षा आटोपलेल्या विद्यार्थ्यांनी रोज सकाळी तीन तास या मुलांना दिले, तर श्रमदानाच्या कित्येक कोरड्या अहवालांपेक्षा ते अधिक खरे श्रमदान होईल. निवृत्त सुभेदार, निवृत्त मुख्याध्यापिका, बँकेतून निवृत्त झालेले कारकून अशी माणसे नागपुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांना सकाळी फिरावयास जावेच लागते. चार मुले बरोबर घेऊन जावे, एवढेच. सैनिककल्याण कार्यालयाने या प्रयत्नात माजी सैनिकांची मुलेही जोडून घ्यावीत आणि ज्यांचे वडील परत आले नाहीत, त्यांना सर्वांत आधी, पण कोणताही गाजावाजा न करता, बोलवावे.

नव्या वर्षाच्या आरंभी शाळेत दाखल होणाऱ्या मुलाकडे वर्गशिक्षकाने थोडे निराळ्या नजरेने पाहिले, तरी पुष्कळ काम होईल. पाचवी शाळा बदललेले मूल गप्प असते ते मंदबुद्धी म्हणून नव्हे. नव्या वर्गात किती बोलावे आणि कोणावर किती जीव लावावा, याचा हिशेब त्याने लहानपणीच शिकलेला असतो. तो हिशेब चुकीचा ठरविणे, हे शिक्षकाचे काम आहे.

सैनिकांच्या गौरवाच्या बाबतीत हा समाज कृपण नाही. पंधरा ऑगस्टला भाषणे होतात, युद्ध झाले की मिरवणुका निघतात, चौकांना नावे दिली जातात. हे सारे युक्तच आहे. परंतु दूर चौकीवर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी चौकाचे नाव नसते. आपले मूल आज दुपारी कोठे असेल, कोणाबरोबर खेळत असेल, हा विचार असतो. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नागपूर त्याला देऊ शकते. त्यासाठी सहा आठवडे, काही रिकाम्या खोल्या आणि थोडी आस्था एवढेच पुरे आहे. पळस दरवर्षी फुलतो. पण दहावे वर्ष मुलाच्या आयुष्यात एकदाच येते.